पेटीतला मुस्तफा

होळी म्हटले की तुम्हांला सण आठवेल. आम्हां वसईकरांना नाका आठवतो. वसई स्टेशनावर एसटीत बसून कंडक्टरकडे ‘एक होळी’ मागितले, तर तो न हसता तिकिटाला भोक पाडून हातात देई. सकाळी भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या, संध्याकाळी मासळी, आणि मधल्या वेळात शाळेतून सुटलेली आम्ही पोरे, असा तो नाका. मी सांगतो आहे ती गोष्ट १९९४ सालची. तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता. आम्ही ठाणे जिल्ह्यातले. मी आठवीत होतो.

नाक्यापासून थोडे आत, एका पत्र्याच्या खोलीत चार लाकडी पेट्या उभ्या होत्या. प्रत्येक पेटीत एक रंगीत पडदा, पडद्याखाली दांडे आणि बटणे, आणि त्याखाली रुपयाचे नाणे जाईल एवढी फट. चारांतल्या एका पेटीभोवती कायम गर्दी. त्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. पण एवढे लांब नाव कोण घेतो? खेळात चार वीर होते, त्यांतल्या एकाचे नाव मुस्तफा. तेव्हा खेळाचे नावही मुस्तफाच! हे बारसे काही आम्हीच केले असे नव्हे. पुढे कॉलेजात ठिकठिकाणची मुले भेटली. त्यांच्याकडेही तो मुस्तफाच होता.

एके दिवशी आमच्या वर्गशिक्षकांनी मला त्या खोलीतून कान धरून बाहेर काढले. ‘मी पुन्हा व्हिडिओ गेम खेळणार नाही’ हे वाक्य शंभर वेळा लिहायला लावले. मी लिहिले. सरांचे चुकले असे मी आजही म्हणत नाही. माझ्या खिशातला रुपया घरून कोथिंबिरीसाठी दिलेला होता. पण त्या शंभर ओळी लिहिताना माझ्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता. तो मला कोणी विचारला नाही, आणि विचारण्याची माझीही छाती झाली नाही. प्रश्न साधा होता: त्या पेटीत आहे तरी काय?

आज मी स्वतः कॉलेजात इतिहास शिकवतो. इतिहास म्हणजे राजे, तह आणि लढाया, अशी आपली समजूत असते. पण नांगराला इतिहास आहे, चरख्याला आहे, तसा तो त्या पेटीतल्या वस्तूलाही आहे. तीस वर्षे उशिरा का होईना, आज तुमच्यासमक्ष ती पेटी उघडून पाहू.

पेटीच्या पोटात, एका फळीला बसवलेला, हिरव्या रंगाचा एक बोर्ड असे. त्यावर काळ्या चिपा ओळीने बसवलेल्या, आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या बारीक वाटा बोर्डावरच छापलेल्या. हा बोर्ड जपानात घडला. तरी त्याची गोष्ट मी मुंबईपासून सुरू करतो. कारण पडद्यावर रेघ आणि अक्षर उमटवू शकणारे गणनयंत्र आपल्या माणसांनी मुंबईत फार आधी बांधले होते.

डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुण मंडळी एकत्र आली. त्यांच्यापैकी बहुतेकांनी असे यंत्र पूर्वी डोळ्यांनीही पाहिलेले नव्हते. त्यांचे प्रायोगिक छोटे यंत्र १९५६ साली चालू झाले. पूर्ण यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ असे ठेवले. १८ फूट लांब आणि ८ फूट उंच अशा लोखंडी मांडणीत ते उभे होते. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्याच्या स्मृतीत ४० अंशांचे २,०४८ शब्द राहत. आजच्या मोजणीने सुमारे १० हजार बाइट. त्याला एक पडदाही जोडलेला होता, त्यावर आलेख आणि अक्षरे उमटत.

आता गंमत बघा. होळीवरच्या त्या पत्र्याच्या खोलीतल्या बोर्डाची कामचलाऊ स्मृती ६५ हजार बाइटांची होती. म्हणजे टिफ्रॅकच्या सहापट! संस्थेतल्या यंत्राला एक खोली लागे, आणि इथे त्याच्या सहापट स्मृती एका हातात मावत होती, तीही रुपयाला भाड्याने. पण एक फरक होता, आणि तो मी तुम्हांला आताच सांगून ठेवतो. टिफ्रॅकची कोणती तार कुठे जाते हे ते बांधणाऱ्यांना ठाऊक होते. आमच्या पेटीत काय आहे हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते.

असो. आता पेटीकडे वळू. नाणे टाकून खेळायचे पडद्यावरचे खेळ अमेरिकेत १९७०च्या सुमारास सुरू झाले. १९७२ साली अटारी कंपनीचा ‘पाँग’ आला. दोन फळ्या आणि मध्ये उडणारा चेंडू, एवढाच खेळ. ॲलन अल्कॉर्न ह्या तरुण अभियंत्याने तो बांधला. त्याच्या बोर्डात आज्ञा वाचून काम करणारा प्रोसेसर नव्हताच. चेंडू कसा उडावा, गुण कसे मोजावेत, हे सारे तारांच्या जोडणीतच पक्के केलेले होते. हार्मोनियमवर तुम्ही हवे ते पद वाजवू शकता. पाँगचा बोर्ड म्हणजे एकच पद वाजणारी किल्लीची पेटी. दुसरा खेळ हवा असेल तर दुसरी पेटीच बांधायला हवी.

हे १९७५ नंतर बदलू लागले. बोर्डावर प्रोसेसर आला. आज्ञा लिहिलेली चिप वेगळी, आणि त्या वाचणारा प्रोसेसर वेगळा. १९७८ साली जपानात तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ केला. पडद्यावर परग्रहावरच्या ५५ प्राण्यांची फौज, ११-११ च्या ५ रांगांत, हळूहळू खाली उतरते. आपण खालून गोळ्या झाडायच्या. ह्या खेळाची एक खोड फार प्रसिद्ध आहे. शत्रू जसजसे कमी होतात तसतशी त्यांची चाल वाढत जाते, आणि शेवटचा एक उरला की तो वाऱ्यासारखा धावतो.

शिक्षक मित्रहो, ह्याचे कारण तुम्हांला चटकन कळेल. वर्गात ५५ मुले असतील तर हजेरी घ्यायला वेळ लागतो. पाचच आली असतील तर क्षणात उरकते. त्या बोर्डावरचा प्रोसेसर दुबळा होता. पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने उमटतो, आणि एका वेळी तो एकाच प्राण्याला एक पाऊल सरकवू शके. ५५ जणांची फेरी पुरी व्हायला जवळजवळ एक सेकंद लागे. एकच उरला की दर वेळी त्याचीच पाळी! यंत्राची ही दुर्बलता निशिकादो यांच्या ध्यानात आली. त्यांनी ती झाकली नाही, खेळात तशीच राहू दिली. खेळणाऱ्याच्या छातीत जी धडधड होई, ती यंत्राच्या गरिबीतून आलेली होती.

पण रंगीत चित्रे हवीत, मोठी चित्रे हवीत, ती एकाच वेळी हलायला हवीत. मग ह्या गरिबीवर उपाय काय? इथे थोडे गणित करू. होळीवरच्या आमच्या मुस्तफाच्या पडद्यावर आडवे ३८४ आणि उभे २२४ ठिपके होते. गुणाकार केला तर ८६,०१६ ठिपके. हे सारे सेकंदाला सुमारे साठ वेळा रंगवायचे. ज्या जातीचा हा बोर्ड, तिच्या पहिल्या बोर्डावरच्या मोटोरोला ६८००० ह्या प्रोसेसरची नाडी सेकंदाला एक कोटी ठोके देई. कोटीला साठाने भागा. एका चित्राच्या वाट्याला सुमारे १ लाख ६७ हजार ठोके आले. म्हणजे प्रत्येक ठिपक्याला दोन ठोकेसुद्धा नाहीत. आणि ह्या प्रोसेसरला लहानात लहान काम करायलाही चार ठोके लागतात. हिशेब जुळत नाही! प्रोसेसरने एकेक ठिपका रंगवायचा म्हटले तर हे चित्र उमटणे शक्य नाही.

ह्यावरची तोड आपल्या जुन्या छापखान्यात पाहायला मिळे. छापखान्यातला जुळारी प्रत्येक अक्षर नव्याने कोरत बसत नसे. शिशाचे तयार खिळे खणांत ठेवलेले असत. ‘क’ हवा तर ‘क’चा खिळा उचलायचा आणि ओळीत लावायचा. खेळाच्या बोर्डातही तेच केले. चित्रांचे चौकोनी तुकडे, म्हणजे चित्रांचे खिळे, कायमच्या स्मृतीच्या चिपांत भरून ठेवले. प्रोसेसरने फक्त यादी द्यायची: पहिल्या घरात अमुक क्रमांकाचा खिळा, दुसऱ्यात तमुक. यादी वाचून खिळे उचलण्याचे आणि पडद्यावर लावण्याचे काम एका खास घडवलेल्या चिपेकडे. १६ ठिपके रुंद आणि १६ ठिपके उंच असा खिळा घेतला, तर सारा पडदा २४ गुणिले १४, म्हणजे ३३६ खिळ्यांत भरतो. शहाऐंशी हजारांचे काम साडेतीनशेच्या आत आले! नामको कंपनीच्या १९७९ सालच्या ‘गॅलॅक्सियन’ आणि १९८० सालच्या ‘पॅकमॅन’ ह्या खेळांनी हीच रीत रंगांसह लोकप्रिय केली.

आता पुढची पायरी. खेळ चिपांत आहे आणि चिपा बदलता येतात, तर नव्या खेळासाठी सारे यंत्र का बदलावे? डेटा ईस्ट ह्या जपानी कंपनीने १९८० साली खेळ कॅसेटच्या फितीवर विकून पाहिला. पेटी तीच, कॅसेट नवी. पण फिती लवकर खराब होत, आणि खेळ चालू व्हायला काही मिनिटे थांबावे लागे. मग १९८५च्या सुमारास जपानातल्या कारखानदारांच्या संघटनेने पेटी आणि बोर्ड ह्यांना जोडणारी खाच ठरवून टाकली. तिला ‘जॅमा’ म्हणतात. बोर्डाच्या एका कडेला धातूच्या ५६ पट्ट्या, एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८. वीज कुठून यायची, चित्र कुठून जायचे, आवाज, नाणे, दांडा, बटणे, सारे ठरलेले. रुळांची रुंदी एक ठरली की कोणत्याही कारखान्याचा डबा त्यावरून धावतो, तसेच हे. त्यामुळेच ओसाकात घडलेला बोर्ड आपल्याकडच्या सुताराने ठोकलेल्या पेटीत बसू शकला.

ओसाकाचे नाव घेतले ते उगीच नव्हे. तिथल्या कॅपकॉम कंपनीने १९८८ साली एक यंत्रणा बाजारात आणली. तिला ‘सीपीएस’ म्हणतात. आमचा मुस्तफा ह्याच घराण्यातला. तिचा बोर्ड एक नव्हता. एकावर एक बसणाऱ्या तीन थरांचा तो डबा होता. खालच्या थरावर प्रोसेसर, स्मृती आणि आवाजाची सोय; हा थर सर्व खेळांना समान. मधल्या थरावर त्या त्या खेळाच्या चिपा. आणि तिसऱ्या, छोट्या थरावर पडद्याचे काम सांभाळणारी खास चिप. खेळ बदलायचा तर खालचा थर तसाच ठेवून वरचे बदलायचे. जोते तेच, घर नवे. पहिला खेळ ‘फरगॉटन वर्ल्ड्स’ १९८८ चा, मग १९८९ साली ‘फायनल फाइट’, आणि १९९१ साली जगभर गाजलेला ‘स्ट्रीट फायटर दोन’. ह्या शेवटच्या खेळाला सहा बटणे लागत आणि जॅमाच्या खाचेत सोय होती तिनांची. उरलेल्या तिनांसाठी तिसऱ्या थरावरून वेगळी तार काढावी लागली.

ह्या यंत्रणेत चित्रांचे पडदे एकामागे एक असे तीन होते. एकात ८ ठिपक्यांचे खिळे, दुसऱ्यात १६ चे, तिसऱ्यात ३२ चे. हलणारी माणसे आणि जनावरे त्यांहून वेगळी. तीन पडदे कशासाठी? नायगावहून भाईंदरकडे लोकलने जाताना खिडकीबाहेर पाहा. रुळाजवळचा खांब सपकन मागे जातो. मिठागरे सावकाश सरकतात. लांबचा डोंगर तर आपल्याबरोबरच येतो आहे असे वाटते. जवळचे भरभर आणि दूरचे हळू, ह्यावरून डोळ्याला खोली कळते. बोर्ड तेच करी. पुढचा पडदा जलद सरकवी आणि मागचा हळू. सपाट काचेवर रस्ता, झाडी आणि आभाळ उभे राही. आम्ही भाबडी पोरे म्हणायचो, ‘काय खोल आहे रे आत!’

आणि आत किती चित्रे होती? मुस्तफाच्या चित्रांच्या चिपांत सुमारे ४२ लाख बाइट भरलेले होते. १६ रंगांतला, १६ गुणिले १६ ठिपक्यांचा एक खिळा १२८ बाइटांत बसतो. भागाकार केला तर ३२ हजारांहून अधिक खिळे मावतात. एवढ्या खणांचा छापखाना त्या फळीवर होता! आवाजासाठी दुसरा प्रोसेसर वेगळाच ठेवलेला. तोही ओळखीचा: झायलॉग कंपनीचा झेड-८०, जो १९७६ साली बाजारात आला, ज्याने पॅकमॅन चालवला, आणि ज्याची मूळ जात बनवणे कंपनीने २०२४ साली बंद केले. मोठ्या प्रोसेसरने फक्त ‘ठोसा वाजव’ म्हणायचे. तो कसा वाजवायचा ते झेड-८० पाही. घरात एकाने चूल सांभाळावी आणि दुसऱ्याने पाहुण्यांकडे बघावे, अशी ही कामाची वाटणी.

इथवर कारागिरीची कथा झाली. ह्यापुढची कथा कुलपाची आहे.

जे बोर्ड कोणत्याही पेटीत बसतात आणि ज्यांच्या चिपा बदलता येतात, त्यांची नक्कल करणेही सोपे. स्ट्रीट फायटरच्या चोरट्या नकला देशोदेशी निघाल्या. आपल्याकडच्या खोल्यांतूनही नकली बोर्ड पुष्कळ होते. मुस्तफाच्या काही नकली बोर्डांत आवाजाची मूळ योजना नव्हतीच. काहीतरी सोपी सोय करून आवाज काढलेला असे. होळीवर मी ऐकले ते संगीत खरे की खोटे, हे आज मला सांगता येणार नाही. नक्कल करून विकणे ही चोरीच, त्याबद्दल दुमत नाही. वर्षभर खपून खेळ घडवणाऱ्याची ती मजुरी बुडवणे आहे.

तेव्हा कंपनीने कुलपे लावली. आधी अनेक खेळांसाठी तिसऱ्या थरावरची चिप वेगवेगळी केली; एका खेळाच्या चिपा दुसऱ्या खेळाच्या थराला जोडल्या तर चित्र विस्कटे. मुस्तफाच्या १९९३ सालच्या अस्सल बोर्डात आवाज सांभाळणाऱ्या प्रोसेसरच्या आज्ञा गुप्त लिपीत लिहिल्या, आणि ती लिपी उलगडण्याची किल्ली त्या प्रोसेसरच्या पोटात, एका लहान बॅटरीच्या जोरावर जिवंत ठेवली. त्याच वर्षी आलेल्या ‘सीपीएस दोन’ ह्या यंत्रणेत तर मुख्य प्रोसेसरच्या आज्ञाच गुप्त लिपीत होत्या. बॅटरी आहे तोवर किल्ली आहे. बॅटरी संपली की किल्ली पुसली गेली, आणि मग पडद्यावर कोरा रंग! बोर्ड जळलेला नसतो. एकही चिप फुटलेली नसते. सारे खिळे खणांत जागच्या जागी असतात, पण जुळारी वाचायचे कसे तेच विसरलेला असतो.

विचार करा, त्या बॅटरीचे आयुष्य थोड्या वर्षांचे. म्हणजे चोर यायला नको म्हणून घराला असे कुलूप लावले, की काही वर्षांनी मालकालाही आत जाता येऊ नये. आणि दैवाचा खेळ असा, की कुलूप नसलेल्या नकला चालत राहिल्या, आणि नियमाने विकत घेतलेले अस्सल बोर्ड आपोआप मरू लागले.

ही चित्रे, ही युक्ती, हे संगीत असेच पुसून जायचे होते. ते पूर्ण पुसले गेले नाही, ह्याचे श्रेय काही हौशी माणसांना आहे. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली ‘मेम’ नावाचा एक कार्यक्रम लिहिला. जुन्या बोर्डावरची प्रत्येक चिप कशी वागते, हे आजच्या संगणकाने हुबेहूब वागून दाखवावे, असा त्याचा हेतू. पुढे जगभरच्या शेकडो जणांनी त्यात भर घातली. २००७च्या सुमारास साल्मोरिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने सीपीएस दोनची गुप्त लिपी उलगडली. २०१६ साली एदुआर्दो क्रूझ आणि त्यांच्या मित्रांनी मेलेल्या अस्सल बोर्डात, एकही चिप न बदलता, किल्ली परत भरण्याचा मार्ग शोधून काढला. ह्यासाठी त्यांना कोणी पगार दिला नव्हता. त्यांना एवढेच हवे होते की आत काय आहे ते कळावे, आणि कळलेले हरवू नये.

हे वाचताना मला होळीवरचा मेकॅनिक आठवला. आठवड्यातून एकदा तो मुंबईहून यायचा. पिशवीत पान्हे, डाग द्यायची कांडी, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या चिपा, आणि शाळेतले एक साधे खोडरबर. बोर्ड बंद पडला की तो आधी त्या ५६ पट्ट्या खोडरबराने घासायचा. वसईची हवा खारी. धातूवर थर चढतो. निम्मे बोर्ड तेवढ्यानेच बरे व्हायचे. एकदा मी धीर करून विचारले, ‘काका, काय बिघडलं ते कसं कळतं?’ तो म्हणाला, ‘चित्रच सांगतं. माणूस दिसतो पण तुकडे भलतेच लागलेत, तर चित्राच्या चिपा बघायच्या. चित्र बरोबर पण आवाज नाही, तर आवाजाची बाजू बघायची. ओरडायचं नाही, बघायचं.’ ह्या माणसाजवळ पदवी नव्हती, आराखडा नव्हता, बोर्डाबरोबर आलेला कागद जपानी भाषेतला. जे कळले ते डोळ्यांनी आणि बोटांनी. पुढे घरोघर टीव्हीला जोडायचे खेळ आले, मग संगणक, मग मोबाइल. आमच्या नाक्यावरची ती खोली बंद झाली, पेट्या भंगारात गेल्या. मेकॅनिक कुठे गेला, मला माहीत नाही. त्याने जे शिकले होते ते कोणी लिहून घेतले नाही.

माझ्या विषयातली एक गोष्ट सांगतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तेव्हा इथल्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा लूट म्हणून देशावर गेल्या, आणि मराठी मुलखातल्या अनेक देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा तर प्रसिद्धच आहे. अशा काही घंटांवर परकी अक्षरे आणि आकडे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी भक्तिभावाने घंटा वाजवली, पण तिच्यावर काय लिहिले आहे हे वाचणारा विरळा. आम्ही पोरांनी तरी दुसरे काय केले? रुपया टाकला, घंटा वाजवली, आणि अक्षरे न वाचताच घरी आलो. टिफ्रॅक बांधणारे लोक अक्षरे वाचणारेच काय, लिहिणारे होते. त्यांच्या यंत्राला उणीपुरी पस्तीस वर्षे झाली होती, मुंबई वसईहून लोकलने दीड-दोन तासांवर होती, आणि तरी होळीवर ते अक्षर वाचता येणारा एकच माणूस यायचा, तोही आठवड्यातून एकदा, पिशवीत खोडरबर घेऊन.

शिक्षक मित्रहो, गेल्या वर्षी मी वर्गात एका मुलाचा मोबाइल काढून घेतला. तास संपल्यावर परत दिला आणि दोन शब्द सुनावले. तो गेल्यावर मला माझ्या शंभर ओळी आठवल्या. शिस्त हवी, ह्यात शंका नाही. पण ओळी लिहायला लावताना एक प्रश्नही विचारता आला असता. दुसऱ्या दिवशी मी चौकटींची वही घेऊन गेलो. फळ्यावर आठ घरे आडवी आणि आठ घरे उभी आखली, आणि म्हटले, ‘काही घरे भरून काही कोरी ठेवून ‘अ’ काढून दाखवा.’ पहिल्या पाच मिनिटांत कोणाचाच ‘अ’ नीट आला नाही. मग एका मुलीने काना एका घराच्या रुंदीचा केला, आणि ‘अ’ दिसू लागला. मग मी विचारले, ‘हा एक खिळा झाला. आता सांगा, सारा पडदा भरायला असे किती लागतील?’ ज्याचा मोबाइल मी घेतला होता, तोच मुलगा आधी उभा राहिला. त्याने मोबाइल मागितला नाही, खडू मागितला.

चौकटींच्या वहीला वीज लागत नाही आणि बॅटरीही लागत नाही. तुमच्या शाळेत हा प्रयोग एकदा करून पाहा.